हार्मेनचे सव्वा मीटर

पावाच्या दुसऱ्या तुकड्यावर चीजचा काप ठेवता ठेवता हार्मेन विरस्माचा हात थांबला. खिडकीबाहेर, त्याच्या कुंपणासमोर, एक उंच किडकिडीत माणूस उकिडवा बसून कुंपणाचा फोटो काढत होता. एक काढला, दोन काढले, मग मान वाकडी करून तिसरा.

"योका, हा कोण?"

"असेल कोणीतरी. तू ताक पी आधी," बायको म्हणाली.

कुंपण साधंसुधं असतं तर हार्मेनने ताक प्यायलंही असतं. पण वीस वर्षांपूर्वी, मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सगळी गल्ली जेवणावळीची झोप काढत असताना, त्याने आपलं झुडपांचं कुंपण मुळांसकट उपटून सव्वा मीटर पुढे, थेट फुटपाथच्या कडेला नेऊन लावलं होतं. मधला पट्टा नगरपालिकेचा. आता तिथे नाशपातीचं झाड होतं, स्ट्रॉबेरीचा वाफा होता आणि दुपारच्या उन्हात बसायला बाक होता. स्वतःच्या मालकीच्या बागेवर नसेल इतका हार्मेनचा जीव त्या पट्ट्यावर होता. वीस वर्षं नगरपालिकेने हूं की चूं केलं नाही तर पट्टा आपलाच, असं योकाच्या वकील भाच्याने सांगून ठेवलं होतं. आणि वीस वर्षं पुरी व्हायला फक्त बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला माणूस पुन्हा हजर. या वेळी हार्मेन पडद्याआड उभा राहिला. वास्तविक त्या घराला पडदे नव्हते, त्या गल्लीत कोणाच्याच घराला नव्हते. त्यामुळे तो योकाचा टेबलक्लॉथ हातात धरून उभा होता.

"गळ्यात निळी फीत आहे," तो कुजबुजला. "ओळखपत्र आहे, पण उलटं करून ठेवलंय. नाव का लपवतोय?"

"वाऱ्याने उलटलं असेल."

"आणि फोटो एकाच जागेचा! झाडांच्या बुंध्यांचा! मुळं किती जुनी आहेत ते बघतोय तो."

"हार्मेन, टेबलक्लॉथ खाली ठेव. समोरून लुबर्ट बघतोय."

समोरचा लुबर्ट नेहमीच बघत असे. हार्मेनच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फ कोणी काढायचा यावरून दोघांचं वाजलं होतं. कळवलं असेल तर यानेच.

गुरुवारी सकाळी हार्मेनने सुट्टीत गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅरव्हॅन, मागच्या आवारातून ओढून आणली आणि कुंपणाला अगदी चिकटून रस्त्यावर उभी केली. इतकी चिकटून, की आत शिरायला दारही उघडेना. "आता काढ म्हणावं फोटो!" असं म्हणत तो समाधानाने जेवायला बसला. सव्वाबाराला माणूस आला, कॅरव्हॅनकडे पाहून खट्टू झाला, मग पोट आत ओढून कॅरव्हॅन आणि कुंपण यांच्यामधल्या फटीत सरकला. पंधरा मिनिटं नुसते कॅमेऱ्याचे आवाज येत होते. हार्मेनने हातातला पाव बशीत ठेवला.

"आधी लांबून काढत होता, आता जवळून काढतोय," तो म्हणाला.

"जागा तूच करून दिलीस," योका म्हणाली.

शुक्रवारीही तसंच झालं. शनिवारी माणूस आला नाही, रविवारीही नाही. हार्मेनला तर पक्का पुरावाच मिळाला.

"शनिवार-रविवार सुट्टी! म्हणजे सरकारीच!"

"सगळ्या देशालाच असते ती," योका म्हणाली. पण आता तिचाही आवाज जरा खाली आला होता.

रविवारी चर्चहून येताना लुबर्ट कॅरव्हॅनपाशी थांबला. तिच्यावर बोट वाजवत म्हणाला, "तीन दिवस झाले, हार्मेन. रस्त्यावर तीनच दिवस ठेवता येते."

"तू मोजतोस होय?"

"मी नाही मोजत. नियम मोजतो."

"आणि रोज दुपारी कॅमेरा घेऊन येतो तो? त्यालाही तूच मोजायला लावलंस का?"

लुबर्टचा चेहरा पडला. "कसला कॅमेरा? नगरपालिकेचा? माझ्याकडे बघत होता का?" एवढं विचारून तो उत्तराची वाटही न बघता घरात गेला, आणि थोड्याच वेळात त्याच्या मागच्या अंगणातून हातोडीचे आवाज येऊ लागले. तिथे त्याने परवानगीवाचून एक शेड बांधली होती आणि आता तो ती पाडत होता, हे हार्मेनला त्या दिवशी कळलं. रविवारी हातोडी! त्या गल्लीत असा आवाज कोणी ऐकला नव्हता. लुबर्ट फितूर नाही याचा हार्मेनला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. लुबर्टने कळवलं नाही, म्हणजे नगरपालिकेला आपणहून पत्ता लागला होता.

कॅरव्हॅन काढावी लागली. सोमवार धुण्याचा वार, म्हणून हार्मेनने घरातल्या सगळ्या चादरी कुंपणावर वाळत घातल्या. धुतलेल्या पुरेनात, तेव्हा पलंगावरच्याही आणल्या. माणसाने एका चादरीची कड अगदी हलक्या हाताने उचलली, आत कॅमेरा घातला आणि काम झाल्यावर ती पुन्हा नीट सारखी करून ठेवली. ती सभ्यता बघून हार्मेनला घाम फुटला. एवढ्या नम्रपणे फक्त जमीन काढून घ्यायला आलेला माणूसच वागतो, अशी त्याची खात्री होती.

मंगळवारी त्याने सायकलवरून पाठलाग केला. पुढे चालणारा माणूस आणि मागे पायी माणसाच्या वेगाने सायकल चालवणारा सत्तरीचा हार्मेन. तो दोनदा पडला. माणूस कालव्यावरचा पूल ओलांडून नगरपालिकेच्या इमारतीत गेला. तोही मागच्या, कर्मचाऱ्यांच्या दाराने.

त्या दिवशी हार्मेन जेवला नाही. नाशपातीच्या खोडाला हात लावून बाकावर बसून राहिला. योका शेजारी येऊन बसली.

"पाचच दिवस राहिले होते गं," तो म्हणाला.

"तू तोंड उघडू नकोस. एवढं एक कर," योका म्हणाली.

बुधवारी माणूस येऊन उकिडवा बसला आणि हार्मेनचा धीर सुटला. कुंपणावरून अर्धा बाहेर वाकत तो ओरडला, "पुरे झालं! सगळं कळलंय मला!"

माणूस दचकून मागे बसला. "कळलं? कोणी सांगितलं? डॉक्टरीणबाईंनी?"

"डॉक्टरीण कुठली? या कामावर डॉक्टरही लावलेत?"

"काका, मी काही चोरून करत नाही हो," माणूस रडवेला झाला. "ऑफिसात माझं डोकं चालेनासं झालं होतं. झोप नाही, छातीत धडधड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधल्या सुट्टीत बाहेर पड, कॅमेरा घे आणि ज्याचा तुझ्या कामाशी काडीचा संबंध नाही अशा गोष्टीचे फोटो काढ. हे बघा."

त्याने कॅमेरा पुढे केला. हार्मेनने चष्मा लावला. पडद्यावर एक चिमणी होती. पुढच्या फोटोतही चिमणीच. मग घरटं, मग चोच उघडलेली चार पिल्लं. त्याच्या कुंपणात खालच्या फांदीवर चिमणीने घर केलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

हार्मेनला हसू फुटलं, आठ दिवसांचं साचलेलं. "चिमणी! अरे देवा! आणि मला वाटलं तू माझ्या सव्वा मीटरसाठी—"

घरातून योका "हार्मेन!" म्हणून ओरडली, पण गाडी उताराला लागली होती. कुंपण कधी हलवलं, किती हलवलं, किती दिवस उरले, सगळं हसता हसता बाहेर पडलं.

माणसाने दोन्ही कानांवर हात ठेवले. "नका, काका, नका! मी जमीन विभागात आहे. दिवसभर हेच पट्टे बघतो, हेच कुंपणवाले! त्यानेच आजारी पडलो. आत्ता मी सुट्टीवर आहे. सुट्टीत कानावर पडलेलं मी ऐकत नाही, डॉक्टरीणबाईंना तसं लिहून दिलंय."

हार्मेनचं हसू जागच्या जागी गोठलं. "आणि... सुट्टी कधीपर्यंत?"

"पाऊणपर्यंत. दहा मिनिटं आहेत. मी निघतो. माझ्या दृष्टीने इथे फक्त चिमणी आहे."

हार्मेनचे डोळे भरून आले. नगरपालिकेत असंही माणूस असतं, हे त्याला सत्तर वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. "असा कसा जाशील? कॉफी घेतल्याशिवाय सोडणार नाही!" फाटक उघडून त्याने पाहुण्याला ओढतच आत आणलं आणि बाकावर बसवलं. योकाने कॉफी आणली, बिस्किटांचा डबा पुढे धरला, पाहुण्याने एक उचललं आणि रीतीप्रमाणे तिने झाकण लावलं. कॉफीबरोबर बिस्कीट एकच, हे त्या गावात लहान मुलालाही ठाऊक होतं.

माणसाने बिस्कीट संपवलं, कॉफीचा शेवटचा घोट घेतला, उठायला गुडघ्यांवर हात ठेवले. तेवढ्यात हार्मेनला इतकं भरून आलं की त्याने आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. योकाच्या हातातला डबा घेऊन झाकण उघडलं. "अजून एक घे!"

माणूस बघतच राहिला. "दुसरं? मला?" नऊ वर्षांच्या नोकरीत या गावात त्याला कोणी दुसरं बिस्कीट दिलं नव्हतं. तो पुन्हा बसला. कडेकडेने, चवीचवीने खाऊ लागला, पिल्लांना पंख कधी फुटतील ते सांगू लागला. हार्मेन माना डोलवत होता. योका त्याला डोळ्यांनी खुणावून थकली.

चर्चच्या मनोऱ्यावर पाऊणची घंटा झाली.

माणसाने उरलेला तुकडा बशीत ठेवला. हातावरचा चुरा झटकला. मग त्याने बाकाकडे पाहिलं, नाशपातीकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा दुखणं परत आल्यासारखा झाला. खिशातून वही काढत तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "माफ करा, श्रीयुत विरस्मा. निघून गेलो असतो तर गोष्ट वेगळी होती. पण आता मी कामावर आहे, आणि नगरपालिकेच्या जमिनीवर बसलोय. किती मीटर म्हणालात?"

उत्तर योकानेच दिलं. "सव्वा," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या मांडीवरचा डबा उचलून घेतला. "तरी मी झाकण लावलं होतं."