सत्काराची शाल आणि आचलची मुलाखत

देवळीत बिघडलेली मोटर मला पाहून आपणहून सुरू होते, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मुख्यतः मीच! गावच्या नळाची मोटर दुरुस्त केली तेव्हा शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला होता. नारळाची चटणी झाली, शाल राहिली. दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना मी तीच शाल चौघडी घालून शोकेसवर अंथरली आणि लेकीचा लॅपटॉप तिच्यावर मानाने बसवला. पूजेची जागा म्हणून त्या शालीला कोणी हात लावत नसे.

आता आचलची मुलाखत आली. पुण्याची कंपनी, तीही ऑनलाइन! दोन वर्षं अर्ज करून पहिल्यांदाच कोणीतरी बोलावलं होतं. पोरीच्या घशाखाली घास उतरेना, आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप अडून बसला. बॅटरीवर ओसरीत नेला की सुसाट पळे, पण बॅटरी म्हातारी, घटकाभरात मान टाके. म्हणून शोकेसवर ठेवून चार्जरची पिन लावावी, तर जरा वेळाने गोगलगाय!

"बाबा, पिन लावली का हा रडून राह्यला," आचल म्हणाली.

मी निदान केलं, की करंट कमी पडतो. घरातलं बाकीचं सगळं करंट पिऊन टाकतं, मग याला काय उरणार? लगेच फ्रीज बंद केला. टीव्ही, पाण्याची मोटर, सगळं बंद. दूध नासलं म्हणून बायको, रीता, तणतणली, तर तिला म्हटलं, लेकीचं भविष्य मोठं की दूध? मग अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर मिठाचं पाणी ओतलं. तिथे रीताने लावलेल्या मेथीचं काय झालं, ते विचारू नका.

तरीही गोगलगाय ती गोगलगायच. मुलाखतीच्या सकाळी मी शेजारच्या हेमराजला गाठलं. त्याची पिठाची चक्की आमच्याच खांबावरची. तो भला माणूस, पोरीसाठी त्याने चक्की बंद केली आणि रांगेतल्या बायांना कारणही सांगितलं. झालं! बाया गव्हाचे डबे घेऊन थेट आमच्या बैठकीत येऊन बसल्या.

मुलाखत सुरू झाली. पडद्यावर मॅडमचे ओठ हलायचे आणि आवाज मागाहून यायचा. आचलचे डोळे भरून आले. मी खाली बसून दोन्ही हातांनी पिन दाबून धरली होती.

तेवढ्यात माझी आई, देवकाबाई, अंघोळ करून कुडकुडत आली.

"मले थंडी वाजून राह्यली अन् शाल त्या डब्याले देली काऊन?" असं म्हणत तिने लॅपटॉपखालून शाल ओढलीच!

लॅपटॉप गर्रकन फिरला. मॅडमना डबेवाल्या बायांची अख्खी रांग दिसली. त्यांनी विचारलं, हे कोण?

"माझ्या शेजारणी," आचल डोळे पुसत म्हणाली. "माझ्यासाठी दळण सोडून आल्यात."

मॅडम हसल्या, मग आचलही हसली. बघता बघता आवाज ओठांशी जुळला आणि लॅपटॉप पळायला लागला. शालीला हात लावून पाहिला, तर तव्यावरची भाकर! त्या जाड लोकरीने बिचाऱ्याचा खालून श्वास कोंडला होता, तो उकडून निघत होता. करंटचा काही संबंधच नव्हता.

आचलला नोकरी लागली. बायांनी पेढे हक्काने वसूल केले. पोरीचा चेहरा पाहून मेथीसुद्धा रीताने माफ केली. शाल तेव्हापासून आईच्याच अंगावर आहे.

परवा हेमराजची चक्की बंद पडली. पान्हे घेऊन निघणार, तोच त्याचा फोन आला.

"बंडूजी, तुमी नका येऊ," तो म्हणाला. "आईले पाठवा."