अण्णांचा चंद्रोदय

अण्णांना किती वाजले विचारलं, की ते पायात चपला सरकवून अंगणात जातात. लिंबाची सावली कुठवर आली ते बघतात, डोळे बारीक करून आभाळाचा रंग बघतात, आणि मग सांगतात, "जेवायला अजून टाइम हाय." मनगटावर घड्याळ आहे. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं, आणि चालू! "घड्याळाला किल्ली मानूस देतो वैनी," ते मला ऐकवतात, "दिसाला कोन देतो?" मी कुकर बघायला आत जाते.

कोपरगावात आमची भिंतीला भिंत. अण्णा साखर कारखान्याच्या काट्यावर होते, उसाच्या गाड्यांचं वजन करायला. सीझनभर रातपाळ्या करून माणसाला उजेडाची हावच सुटली. दिवस मावळला की तुळशीपाशी दिवा, आणि दिवा लागल्यावरच भाकरी. त्यांच्या पत्नी मालनवहिनी होत्या तेव्हाही हेच, आणि त्यांना जाऊन तीन वर्षं झाली तरी हेच.

अशा माणसाला लेकीनं नॉर्वेला नेलं, तेही जूनमध्ये! ती राहते ते गाव पार वरच्या टोकाला. तिथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. "वैनी, हितं लई घोळ हाय. दिस खाली येतो, आता समुद्राला टेकतो असं वाटतं, अन् पुन्ना वर! रातच्या दोनला सगळं पानी हळदीचं हुतं. पाखरं बी झोपंनात. मी आपला खिडकीत बसून ऱ्हातो. डोळं मिटावं वाटंना बगा. पर जेवायचं कवा?"

"लेक वाढेल तेव्हा!" मी म्हटलं.

पण नाही. शेवटी लेकीनं जाड पडदे ओढून खोलीत अंधार केला, निरांजन लावलं आणि ताट पुढे ठेवलं. अण्णांनी बोटानं पडद्याची फट उघडून बघितली. "भाईर ऊन हाय," म्हणाले. पण जेवले.

मग आली संकष्टी. रात्री पावणेदहाला लेकीचा फोन, अगदी रडकुंडीला आलेली. "मावशी, अण्णांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. शुगरचा त्रास, हात थरथरताहेत. चंद्र बघितल्याशिवाय जेवणार नाही म्हणतात, आणि इथे या दिवसांत चंद्र डोंगराच्या वर येतच नाही!"

मला तर रागच आला. मालनवहिनींच्या उपवासांची यांनी जन्मभर थट्टा केली, आणि त्यांच्यामागे ही एक संकष्टी मात्र हट्टानं धरली. "व्हिडिओ लाव," मी म्हटलं, आणि गुडघ्यांना शिव्या घालत दोन्ही घरांच्या सामाईक गच्चीवर गेले.

मोबाईल पूर्वेकडे धरला. अण्णांच्या पाठीमागे खिडकीत लख्ख ऊन, आणि मी इकडे काळोखात.

"दिसला का?"

"त्यो पेट्रोल पंपाचा दिवा हाय वैनी."

अर्ध्या तासानं पाण्याच्या टाकीमागून खराखुरा चंद्र आला. तांबूस, एका कडेला झिजलेला. अण्णांनी हात जोडले आणि मोबाईलवर अक्षता टाकल्या. तांब्यानं अर्घ्य देणार तोच लेक किंचाळली, "अण्णा, पाणी नको!"

"जेवा आता!" मी ओरडले.

घास तोंडाशी नेऊन अण्णा थांबले. "रातपाळी असली की संकष्टीला मालन तुमी हाईत तितंच उभी ऱ्हायची, टाकीकडं बघत. मी तिकडं काट्यावर. त्यो वर आला की ती ताट घ्यायची, मी डबा उघडायचो. एरवी ती जागी तवा मी झोपेत. संगं जेवन आमचं तेवढंच हुतं, वैनी."

इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि मला याचा पत्ता नव्हता. मी आपली मालनवहिनींना म्हणायचे, किती वेळ ताटकळता, जेवून घ्या की! त्या नुसत्या हसायच्या.

"माजं जेवन व्हस्तवर मोबाईल हालवू नका," अण्णा म्हणाले.

हात अवघडला होता, पण मालनवहिनींच्या जागेवर उभी राहून मी मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"सावकाश होऊ द्या," मी म्हटलं. दोघांनाही.