पैशाला कामाला लावणारी सखूकाकी

मनीऑर्डर हातात पडली की सखूकाकी मला उठू देत नसे. "बस रं दादा, साक्षीला ऱ्हा," म्हणे आणि वाशाला टांगलेल्या पाच करवंट्या खाली काढी. एक तांदळाची, एक मीठमिरचीची, एक रॉकेलची, एक लुगड्याची आणि एक अडीअडचणीची. पैसे त्यांत वाटून होईपर्यंत ती घोटभर पाणीही पीत नसे.

"पैसा आल्याआल्या कामाला लावायचा. रिकामा बसला की त्याला पाय फुटतात."

तेव्हा मी नागावला पोस्टमन होतो. काकीचा नवरा लढाईच्या दिवसांत खलाशी म्हणून बोटीवर गेला, तो परतलाच नाही. सरकारची थोडकी पेन्शन महिन्याला यायची, तेवढ्यावर तिचं चाले. मूलबाळ नव्हतं. करवंट्यांनाच ती पोरींसारखी दटावायची. "ही रॉकेलवाली लई उधळी!" म्हणत दिवा लवकर मालवायची.

एकदा धाकटा दीर उसने मागायला आला. त्याला शिमग्याला नवा सदरा शिवायचा होता. काकीने पाचही करवंट्या त्याच्यापुढे मांडल्या.

"तूच सांग, कुठल्यातलं देऊ? तांदळातलं दिलं तर मी उपाशी. लुगड्यातलं दिलं तर मी..."

"ऱ्हाऊ दे वयनी!" दीर पायरी उतरलासुद्धा.

मग एका वर्षी होळीनंतर पेन्शनच थांबली. काकी हयात असल्याचा दाखला म्हणे कचेरीत पोचला नव्हता. काकी थेट अलिबागला गेली. चालत. एसटीची करवंटी नव्हती ना! परत आल्यावर मला सांगत होती, "सायेब म्हनतो, जिवंत असल्याचा पुरावा काय? म्हटलं, नागावपासनं चालत आलेय. मेलेलं मानूस चालतंय व्हय?"

तरी कागद फिरायला चार महिने गेले. काकीने अडीअडचणीची करवंटी काढली, दोन्ही वेळ पेज प्यायली, पावसाआधी लोक घरं शाकारतात म्हणून माडाची झापं विणून विकली. दुकानात उधारी केली नाही. दिराने तांदूळ आणून दिले, तर त्याच्या डोक्यावर झापांचा भारा चढवला.

"सरकारचं घेते, ते धन्याच्या जिवाचं हाय. बाकी कुनाचं फुकट न्हाय."

अखेर थकलेली सगळी पेन्शन एकदम आली. मी जवळजवळ धावतच गेलो. रिवाजाप्रमाणे कागदावरचं नाव मोठ्याने वाचलं, "सखूबाई भिकाजी म्हात्रे," आणि अंगठा घेतला. काकीने पैसे वाटून टाकले, पण तिचा चेहरा काही उजळेना.

"काय झालं काकी? चार महिन्यांचे आलेत!"

"मंजी नाव बी येकदाच?"

मला उमगेना. तिने मान खाली घातली.

"मला त्यांचं नाव घेता येत न्हाय, दादा. घरात दुसरं कोन हाय घ्यायला? म्हैन्याला तू येतोस, तवाच कानावर पडतं."

मी पिशवी खांद्यावरून उतरवली. कागद पुन्हा हातात घेतला आणि सावकाश वाचू लागलो. काकीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती ऐकत बसली.