भाऊसाहेबांची मांडणी

आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी सुरू झाली की वाघमारे भाऊसाहेब स्वयंपाकघरात जातात आणि भांड्यांच्या मांडणीवर हात ठेवून उभे राहतात. डॉक्टर नाडी बघतो ना, तसे. डोळे मिटून थोडा वेळ ऐकतात, मग पायात चपला सरकवून थेट गिरणीत. "रशीद, चल. पंचनामा."

भाऊसाहेब पाथरीच्या तहसिलीत कारकून होते. कचेरीतून ते निघाले, पण कचेरी त्यांच्यातून निघालीच नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला ते "सदर जिलबी इकडं आणावी" असं सांगतात. मांजरानं दूध सांडलं तरी पंचनामा, आणि पंचनामा म्हटला की पंच आलेच. त्यांचे पंच ठरलेले. एक समोर राहणारी मी, आणि दुसरा गिरणीवाला रशीदभाई, जो गिरणीच्या प्रकरणात आरोपीही असतो. आरोपीच पंच कसा काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मग गल्लीत दुसरं रिकामं कोण हाय?"

कागद कधीच नसे, सगळं तोंडी. गिरणीची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. पट्टा फिरला की भिंत थरथरते, भिंतीवरची मांडणी थरथरते आणि भांडी केसभर सरकतात, ही त्यांची तक्रार. आम्ही दोघं मांडणीसमोर हजर व्हायचो. वरच्या फळीवर पितळी डबे, मधे उभी ताटं, खाली तांबे, कडेला खिळ्यावर परात. "बघ रशीद, ह्या तांब्याचं तोंड काल खिडकीकडं व्हतं. आज दाराकडं फिरलंय." रशीदभाई गंभीरपणे "हौ भाऊसाब" म्हणायचा. त्यानं हात पुढं केला की भाऊसाहेब दरडावायचे, "हात लावायचा न्हाई." मग स्वतःच एका बोटानं तांब्या जागेवर सारायचे. की पंचनामा संपला.

कमलमावशी, म्हणजे त्यांची बायको, वारल्यापासून माणूस जरा सटकलाय, असं गल्लीचं मत होतं. स्वतः जेवायचे एका ताटात, पाणी प्यायचे एका पेल्यात, तेवढंच धुऊन ओट्यावर पालथं घालायचे. मांडणीतलं भांडं त्यांनी कधी खाली काढलेलं मी पाहिलं नाही.

त्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. आधी आवाज आला. जड ट्रक यावा तसा, पण रस्त्यावरून नाही, पायाखालून. पातेल्यातला चहा आपोआप काठाकडं गेला आणि परत आला. दारातला लिंब वारा नसताना बुडापासून हलला, चिमण्या एकदम उडाल्या. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पाय धरून ठेवते, पण हलत कधी नाही. मी गाळणी हातात घेऊनच बाहेर पळाले.

सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. भाऊसाहेबही बनियनवर, लुंगी सावरत बाहेर आले, पण भ्यालेले नव्हते. रागानं लाल झाले होते. तरातरा गिरणीकडं निघाले. "दिवस उगवायच्या आत चालू केलीस व्हय रं? सगळी मांडणी पाडलीस आज."

गिरणीला कुलूप होतं. रशीदभाई त्यांच्या मागंच गर्दीत उभा होता. त्यानं पुढं होऊन कुलूप काढलं. भाऊसाहेब आत गेले, त्यांनी गिरणीवर हात ठेवला. थंडगार. पट्टा हातानं ओढून बघितला. बाहेर येऊन कितीतरी वेळ आपल्या दोन पायांमधल्या मातीकडं बघत राहिले.

"मग हे कोण हलवायलंय?"

एरवी आम्ही हसलो असतो. पण तेवढ्यात पुन्हा एक बारीक हादरा पायांखालून सरकत गेला. रशीदभाई दुआ पुटपुटत होता, माझे हात आपोआप जोडले गेले होते. आपण कुणाच्या पाठीवर राहतोय हे त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं.

कुणाला लागलं नव्हतं, भिंतींना भेगा तेवढ्या पडल्या होत्या. पण आत जायची कुणाची छाती होईना, चहासुद्धा रस्त्यावरच झाला. भाऊसाहेब मात्र दिसेनात. मी आणि रशीदभाई बघायला गेलो. स्वयंपाकघरात सगळी भांडी जमिनीवर, आणि मधोमध भाऊसाहेब तांब्या हातात घेऊन बसलेले.

बाहेर चला, असं मी म्हणाले, पण त्यांना ऐकूच गेलं नाही.

"ह्याची जागा कोणती व्हती?" त्यांनी तांब्यालाच विचारलं. मग आमच्याकडं बघितलं. "दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी कमलनं सगळी घासून लावली. म्हणाली, कशाला हात लावू नका, मी आल्यावर बघते. तवापासून एकबी भांडं मी जागचं हलू दिलं न्हाई. आता काईच आठवंना मला."

 

रशीदभाईनं चपला काढल्या, मोरीवर हात धुतले आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "खालची फळी, भाऊसाब. डावीकडून दुसरा. तोंड खिडकीकडं."

"तुला रं कसं म्हाईत?"

"पंच मीच की. रोज तुमीच तर दाखवलं."

पहिल्यांदाच भाऊसाहेबांनी दुसऱ्याला हात लावू दिला. रशीदभाई एकेक भांडं उचलून देत जागा सांगत गेला, भाऊसाहेब ठेवत गेले. मोठ्या डब्याच्या झाकणावरून माझा आणि रशीदभाईचा वाद झाला, तो त्यानं जिंकला. परातीला पोचा आला होता, पण खिळ्यावर ती नीट बसली. भेगाळलेल्या भिंतीखाली आम्ही तिघं होतो, आणि भीती मात्र कुठं गेली होती कुणास ठाऊक.

शेवटचा पेला ठेवून भाऊसाहेब मागं सरले. मांडणीवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. घर अगदी शांत होतं.

"रशीद," ते हळूच म्हणाले, "गिरणी चालू कर जरा. भांडी वाजली की वाटतंय, आत कमल हाय."

रशीदभाई गेला. भिंत थरथरली, वरचे डबे किणकिणले. भाऊसाहेबांनी ते पोटभर ऐकलं. मग डोळे उघडून तांब्या बोटानं केसभर मागं सारला.