खिडकी एक, रहिवासी बेचाळीस

अपील न्यायालयातल्या न्यायाधीशबाई अजून नोकरीत कायम व्हायच्या होत्या. पात्रतेबद्दल कुणालाच शंका नव्हती. कायद्याची पदवी होती, वीस वर्षांचा अनुभव होता, नजरही शाबूत होती. राहिलं होतं ते फक्त मूल्यमापन.

मूल्यमापन अधिकारी फाइल घेऊन आले, ते दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करूनच.

"बाई, तुमच्याकडे आलेले निम्मे लोक असमाधानी आहेत. साठ टक्के तरी समाधान लागतं."

"अहो साहेब, खटल्यात एक बाजू हरतेच!"

"तेच तर! सुधारणेला वाव आहे."

"मग दोघांनाही जिंकवू?"

"तसं नियमात बसत नाही." साहेबांनी आवाज खाली आणला. "पण समाधानाचा फॉर्म दर बाजूला एक नसतो, माणशी एक असतो. ज्या बाजूला माणसं जास्त... आता मी काय सांगू?"

त्या आठवड्यात मूल्यमापनात धरलं जाणारं शेवटचं अपील आलं. एका बाजूला एकटा शिंपी, दुसऱ्या बाजूला शेजारच्या इमारतीतले बेचाळीस रहिवासी. शिंप्याच्या दुकानाची खिडकी त्यांच्या अंगणाकडे उघडायची आणि ती त्यांना विटांनी बुजवून हवी होती. खिडकी इमारतीच्या आधीची, म्हणून खालच्या न्यायालयाने ती राहू दिली होती.

"खिडकीचा त्रास काय?" बाईंनी विचारलं.

"बेचाळीस जणांच्या भावना दुखावतात," रहिवाशांचे वकील म्हणाले.

"खिडकीने?"

"उघडीच असते ना ती!"

बाई शिंप्याकडे वळल्या. "तुम्हाला कशाला हवी?"

"सुईत दोरा ओवायला, बाई. उजेड तेवढाच येतो."

"तुमच्या बाजूने आणखी कुणी?" बाईंनी जरा आशेने विचारलं.

"बायको आहे. पण दाव्यात तिचं नाव नाही."

बाईंनी कागदपत्रं पुन्हा वाचली. चहा निवला, त्यावर साय धरली. मग त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं, 'खालच्या न्यायालयाचा निकाल कायम.'

निकाल कायम झाला, बाई झाल्या नाहीत. बेचाळीस असमाधानी फॉर्म त्याच संध्याकाळी आले, दोन तर पुरवण्या जोडून. शिंप्याचा आलाच नाही. त्याच्या हातात काम होतं आणि खिडकीत उजेड होता. या अपिलाचं समाधान भरलं शून्य टक्के.

तुम्ही असा फॉर्म शेवटचा कधी भरलात, जरा आठवून पाहा. त्या दिवशी तुमच्यावर अन्याय झाला होता, की नुसते हरला होतात?