लाल दोरा, पांढरा दोरा

हिंदुराव आबांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन थर्मामीटर असतात. एकाला लाल दोरा, एकाला पांढरा. एक कुत्र्याचा, एक माणसाचा. कुठला कुणाचा हे फक्त आबांनाच माहीत. त्यामुळे आमच्या कोरेगावात आबांसमोर शिंकायची कुणाची छाती होत नाही. मी एकदा शिंकलो. आबांचा हात खिशाकडे गेला आणि मी पन्नाशीला आलेला शिक्षक, शाळेची पोरं बघत असताना चक्क पळालो.

आबांना मी पहिल्यापासून भितो. पण त्या भीतीत पुढं माझ्या पापाची भर पडली. ते सांगायचंच, म्हणून हे लिहितो आहे.

आबा सैन्यात होते, पण बंदुकीपेक्षा त्यांचा संबंध जास्त आला तो कुत्र्यांशी. बावीस वर्षं त्यांनी सैन्याच्या श्वानपथकात कुत्र्यांची बाळंतपणं काढली. निवृत्त होऊन आले ते एकटेच. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सोबत बंड्या नावाचा बीगल. लांब कान, तपकिरी डोळे आणि कुणीतरी अन्याय केल्यासारखा चेहरा.

बंड्या देखणा असल्यामुळे साताऱ्याहून, सांगलीहून माणसं आपली कुत्री घेऊन जोडी लावायला येत. आबा त्यांना अंगणात बसवून पाणी देत आणि मुलगी दाखवायला आणल्यासारखी चौकशी करत.

"वय?"

"वर्षाची झाली की, आबा."

"दोन वर्साची झाल्यावर या. पाळी कितवी?"

"दुसरी असंल."

"असंल? घरातल्या पोरीचं म्हायत न्हाई? रक्त तपासलं? एक रोग असतुया, पोटातली पिल्लं जात्यात त्येनं, आन् माणसालाबी लागतुया. डोळं दावलं? खुबं दावलं? तिचा आजा आन् बंड्याचा आजा एकच तर न्हाई?" आणि शेवटी हात पुढं करून, "कागुद दाव."

एकदा पांढऱ्या लांबलचक गाडीतून एक बागायतदार आले. त्यांच्याकडे कसलाच कागद नव्हता. आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "गाडीचं आरसी बुक हाय, इमा हाय, धुराचाबी कागुद हाय. कुत्रीचाच तेवढा न्हाई व्हय?" बागायतदार तावातावानं निघून गेले. चार वर्षांत बंड्याचं लग्न एकदाच जमलं. बाकीचे दिवस तो ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असे आणि त्याचा तो अन्यायाचा चेहरा मला अगदी पटत असे.

माझी चिंगी, तीही बीगलच, आबांनीच मला मिळवून दिली, ओळखीच्या घरातून, कागदांसकट. देताना म्हणाले होते, "मास्तर, पोरगी हाय ती, मशीन न्हाई. तिसऱ्या पाळीपातूर नाव काढायचं न्हाई पिल्लांचं." मी मान हलवली. मान हलवायला मला काहीच लागत नाही. नोकरीची सत्तावीस वर्षं मी तेच केलं आहे.

मग आमच्या संस्थेचे सचिव घरी चहाला आले. त्यांनी चिंगीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "हिचं एक पिल्लू आमच्या बंगल्यावर आलं पाहिजे बरं का, सर." जाता जाता सहज पुढं म्हणाले, "यंदा बदल्या जरा जास्तच आहेत." दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नसेलही. मी तो लावला आणि घाबरलो.

चिंगी तेव्हा अकरा महिन्यांची. पहिलीच पाळी. आबांना सांगितलं, औंधला यमाईच्या दर्शनाला जातो, चिंगीलाही नेतो. गाडी औंधला गेलीच नाही, कुपवाडला गेली. तिथं माझ्या एका ओळखीच्या माणसाचं लेथचं वर्कशॉप आहे आणि दाराशी एक बीगल बांधलेला असतो. "रक्त तपासलंय का?" मी भीत भीत विचारलं. तो हसला. "सर, बघा की कसा गुटगुटीत हाय. रक्तच रक्त हाय त्याच्यात." चिंगी माझ्या पायांमागं लपत होती. मी तिला पुढं ढकललं. ते ढकलणं माझ्या तळहाताला अजून आठवतं.

पोट दिसू लागलं तेव्हा आबांना सांगणं भाग पडलं. औंधची थाप उघडी पडू नये म्हणून मी तारीख दहा दिवस पुढं ढकलली. म्हणालो, घरी पाहुणे आले होते, त्यांचा कुत्रा होता, फाटक उघडं राहिलं.

आबांनी चिंगीच्या पोटावरून हात फिरवला. "चुकी झाली. चुकीला माफी हाय, मास्तर. मुद्दाम केलं असतं तर..." पुढचं ते बोलले नाहीत. ते न बोललेलं वाक्य मी महिनाभर घरी नेत होतो आणि परत आणत होतो.

आबांनी चिंगीला स्वतःच्या खोलीत हलवलं. लाकडी पेटी केली, खाली जुनी पोती आणि धुतलेली चादर. लाल दोऱ्याचा थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ. आकडे पेन्सिलनं भिंतीवर. भिंतीवर दोन रांगा होत्या. एकीच्या वर 'चिंगी' आणि खाली एकशे एक, एकशे एक पॉइंट पाच. दुसरी रांग जुनी, कितीतरी वर्षांची, छतापासून खाली उतरत आलेली, आणि तिच्यात सगळीकडे एकच आकडा, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मी कधी विचारलं नाही. भिंतीकडे बघायचीच मला भीती वाटे.

"ताप अठ्ठ्याण्णवाला आला की दिवसभरात कळा," आबांनी मला समजावलं होतं. "थर्मामीटर खोटं बोलत न्हाई."

त्या मंगळवारी सकाळी मी गेलो तर आबा दारात उभे. चेहरा उतरलेला. "अठ्ठ्याण्णव दाखवतुया."

मला ठाऊक होतं, आज चौसष्टावा दिवस. आबांच्या हिशेबानं चोपन्नावा.

"आजून आठ-नऊ दिस हायेत," आबा म्हणाले. "मग ह्यो का उतरला?" त्यांनी लाल दोऱ्याचा थर्मामीटर उन्हात धरून उलटसुलट बघितला. मग ते जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तुमची तारीख चुकायची न्हाई. ह्योच बिघडला असंल."

ज्या माणसानं आयुष्यभर थर्मामीटरशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही, त्यानं माझ्या शब्दासाठी थर्मामीटरला खोटं ठरवलं. चालत मेडिकलमध्ये जाऊन नवीन आणला. त्यानंही तेच दाखवलं. मग आबांनी साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मी शेजारी उभा होतो. बाई म्हणाल्या, चोपन्नावा दिवस असेल तर पोट उघडून उपयोग नाही, पिल्लांची फुप्फुसं तयार नसतात, विश्रांती द्या आणि वाट बघा. बोलायची तीच वेळ होती. मी घसा साफ केला. आबांनी वळून बघितलं. "काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "शाळेची वेळ झाली."

दिवसभर मी फळ्यावर काय लिहिलं, देव जाणे.

बुधवारी सकाळी चिंगी पेटीत उभीही राहत नव्हती. कळा नाहीत, आणि खाली चादरीवर हिरवट काळा डाग. आबा गुडघ्यांवर बसले होते आणि लाल दोऱ्याचा थर्मामीटर लावून परत परत बघत होते. "येळंआधी चाललंय समदं," ते पुटपुटत होते. "माझं कायतरी चुकलं. खायला काय वंगाळ गेलं का माझ्या हातनं?"

चिंगीनं डोळे वर करून माझ्याकडे बघितलं आणि शेपटी एकदाच हलवली.

"आबा, तुमचं नाही चुकलं," मी म्हणालो. "आज पासष्टावा दिवस आहे. मी तिला कुपवाडला नेलं होतं. फाटक उघडं नव्हतं. मी मुद्दाम केलं."

आबा उठले. मला वाटलं मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"काल म्हायती हुतं तुला?"

"हो."

"फोन करताना शेजारी हुतास."

"हो."

"गाडी काढ."

आबांनी मला आयुष्यात पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती. साताऱ्यापर्यंत मागच्या सीटवर चिंगीला मांडीवर घेऊन ते तिच्याच कानात काहीतरी बोलत होते. आरशात बघायचं धाडस मला झालं नाही.

दवाखान्यात बाईंनी विचारलं, "नक्की कितवा दिवस?"

"पासष्टावा," आबा म्हणाले. "कागुद न्हाई. मास्तरांचा शब्द हाय."

ऑपरेशनला दीड तास लागला. पोटात दोनच पिल्लं होती, तिच्या अंगाच्या मानानं फार मोठी. एक आदल्या दिवशीच गेलेलं. बाई म्हणाल्या, काल आणली असती तर दोन्ही वाचली असती. दुसरं आबांनी टॉवेलात घेऊन इतका वेळ चोळलं की शेवटी ते रागावल्यासारखं केकाटलं. चिंगी वाचली, पण पिशवी काढावी लागली. आबांनी मेलेलं पिल्लू मागून घेतलं, माझ्याकडे न बघता.

चार दिवस मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. सचिवांना मात्र सांगून टाकलं की पिल्लू मिळणार नाही. ते फक्त "बरं" म्हणाले. बदलीची यादी अजून लागायची आहे.

पाचव्या दिवशी एक कागद लिहिला. खरी तारीख, खरं ठिकाण, खाली सही. तो घेऊन गेलो. दार लोटलेलंच होतं. पेटीत चिंगी पिल्लाला पाजत होती, बंड्या पेटीबाहेर पहाऱ्याला. आबा सैन्याच्या घोंगडीत गुंडाळून भिंतीला टेकलेले.

"कागद आणलाय," मी म्हणालो.

त्यांनी तो डोळ्यांसमोर धरून वाचला, घडी घातली आणि खिशात दोन थर्मामीटरांमागं ठेवला.

मी भिंतीकडे बघितलं. चिंगीच्या रांगेत दर चार तासांचे आकडे, रात्रीचेसुद्धा. शेजारची ती जुनी रांग मात्र मंगळवारपासून कोरी होती. मी पहिल्यांदाच विचारलं, "ही कुणाची?"

"माझी. पांढरा दोरा माझा हाय." ते जरा ओशाळले. "रोज सांच्याला लावून बघतो. एकल्या माणसाला कळत न्हाई रं, ताप हाय का न्हाई. घरात कुणीतरी असलं की जाता-येता हात लावून बघतंय. ह्या पाच-सा दिसात माझ्याकडं बघायला सवडच न्हाई झाली."

मी जवळ गेलो. भीती होतीच. ज्या तळहातानं चिंगीला ढकललं होतं, तोच त्यांच्या कपाळावर ठेवला. कपाळ चांगलंच तापलेलं होतं.

"आबा, ताप आहे. किती ते बघू का?" मी दुसरा हात त्यांच्या खिशाकडे नेला, पांढऱ्या दोऱ्याकडे.

"नगं," ते डोळे मिटून म्हणाले. "थर्मामीटर रोजचाच हाय. हात ऱ्हाऊ दे."