मिलिमीटरचा रणगाडा

तो घरातून निघाला होता ट्यूबलाइटचा स्टार्टर आणायला. काम एवढंसं असलं की माणूस गाफील राहतो. इलेक्ट्रिकच्या दुकानाला कुलूप होतं, शेजारचं दुकान उघडं होतं, आणि त्या शेजारच्या दुकानाच्या काचेत एक भलामोठा डबा उभा करून ठेवला होता. डब्यावरच्या चित्रात एक हिरवा रणगाडा चिखल उडवत, धूर ओकत थेट बघणाऱ्याच्या अंगावर येत होता. दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत टी-चौतीस. आत सुटे भाग, आपले आपण जोडायचे. गृहस्थ थांबला. (तो दोनच मिनिटं थांबला होता असं तो आजही सांगतो. पण तेवढ्यात इलेक्ट्रिकवाला जेवून आला, दुकान उघडून बसला आणि यालाच हाक मारत होता, ती याला ऐकूच गेली नाही.)

या गृहस्थाला कचेरीत सगळे मिलिमीटर म्हणत. मोजणी कार्यालयात नकाशे काढण्यात त्याची हयात गेली होती. शेताची हद्द कागदावर केसाएवढी सरकली तरी त्याला रात्री डोळा लागत नसे. तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘मिलिमीटर’ हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. घरी मात्र या नावाला काडीची किंमत नव्हती, कारण घरात त्याने हाती घेतलेलं एकही काम आजवर तडीस गेलं नव्हतं. गॅलरीचं ग्रिल डावीकडून निम्मं पांढरं आणि उजवीकडून निम्मं गंजलेलं होतं. पुस्तकांच्या कपाटाला तळ होता, पाठ होती, फळ्या नव्हत्या. गृहस्थ मोजमाप इतकं बारीक घ्यायचा की प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत त्यातला जीव निघून जायचा.

“हे काय?” दारातच बायकोने विचारलं.

“रणगाडा.”

“आणि स्टार्टर?”

“दुकान बंद होतं.”

“म्हणून रणगाडा?”

तो डबा घेऊन सरळ मागच्या छोट्या खोलीत गेला, आणि खरं भांडण तिथे सुरू झालं.

त्या छोट्या खोलीवर बायकोचा डोळा होता. ती घरी शिवणकाम करायची. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, पडदे शिवायचे, शाळेच्या गणवेशांना बटणं लावायची. हे सगळं हॉलमध्ये. येणाऱ्या पाहुण्याला आधी दुसऱ्याच्या पँटी उचलून मग खुर्चीवर बसावं लागे. आता तिने नवी मोठी मशीन मागवली होती आणि ती मागच्या खोलीत बसवायची असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. याने मात्र तिथल्या टेबलावर डबा ठेवला, खिडकी उघडून उजेड पाहिला आणि म्हणाला, “जागा छान आहे.”

“जागा माझ्या मशीनची आहे.”

“मला आयुष्यात एक कोपरा नको का?”

“तुम्हाला चार कोपरे दिले असते हो. पण तुम्ही दोन दिवस बसणार, तिसऱ्या दिवशी सोडून देणार, आणि त्या अर्धवट रणगाड्यावरची धूळ मी झटकत बसणार.”

हे त्याला लागलं. चांगलंच लागलं. बायको ओरडून बोलली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं, पण ती अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली होती.

“मशीन यायच्या आत रणगाडा पूर्ण करून दाखवीन,” तो म्हणाला. “केला तर खोली माझी. नाही केला तर तुझी.”

“चालेल. पण पूर्ण म्हणजे पूर्ण.”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथे तो गप्प बसला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण ‘पूर्ण म्हणजे पूर्ण’ ही मिलिमीटरच्या मते व्याख्याच नव्हती. अशा ढिल्या भाषेमुळेच हद्दीचे तंटे होतात, असं त्याने तिला समजावलं, आणि हॉलमध्ये बसलेल्या आईला साक्षीदार म्हणून हाक मारली. (आई त्याचीच, पण निकाल देताना ती कोणाचीच नसे.)

“आई, नीट ऐक. रणगाडा पूर्ण झाला असं केव्हा म्हणायचं? तर या डब्यात एकही तुकडा उरणार नाही, तेव्हा. एकही नाही. बास?”

“ऐकलं,” आई म्हणाली.

डबा अजून उघडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून घरावर रणगाड्याचं राज्य सुरू झालं. भाग कसले, मोहरीएवढे दाणे होते. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले ते तुकडे कापून काढायचे, कानशीने घासायचे, चिमट्यात धरून गमाने चिकटवायचे. चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याची एकेक कडी सुटी होती. बायकोच्या सुया गेल्या, आईचं भिंग गेलं, केस वाळवायचं यंत्र रंग वाळवायला गेलं. कचेरीतून आला की तो हातपाय धुऊन जो आत शिरायचा तो जेवायला हाक मारल्याशिवाय बाहेर यायचा नाही. आणि आश्चर्य म्हणजे चौथ्या दिवशीही तो बसला, दहाव्या दिवशीही बसला. बायको दारातून डोकावून जायची. काही बोलायची नाही, पण डोकावायची.

रंगाच्या बाबतीत मात्र तिला राहवलं नाही.

“हा कुठला हिरवा?”

“सोव्हिएत हिरवा.”

“हा शेवाळी आहे. चित्रातला पिवळट आहे. थांबा.” तिने दोऱ्यांच्या डब्यातून दोन दोरे आणून चित्रावर धरले. “हा बघा. यात चिमूटभर पिवळा घाला.”

त्याने घातला. रंग हुबेहूब जमला. त्याला फार आनंद झाला आणि तो त्याने दाखवला नाही.

मग एका संध्याकाळी चिमट्यातून हेडलाइट उडाला. रणगाड्याला पुढे एकच हेडलाइट, तोही साबुदाण्याच्या निम्मा. ‘टिक’ असा आवाज झाला आणि तो नाहीसा झाला.

“कोणी हलायचं नाही!” मिलिमीटर ओरडला.

हॉलमध्ये आई चहाचा कप तोंडाशी नेत होती, ती तशीच थांबली. शिवलेली पँट न्यायला आलेले शेजारचे मास्तर एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर असे उभे राहिले. मिलिमीटर बॅटरी घेऊन पोटावर सरपटत बाहेर आला. त्याने फरशीचे खडूने चौकोन पाडले आणि एकेक चौकोन तपासायला घेतला.

“मी जाऊ का?” मास्तरांनी विचारलं.

“पँट झटकून जा,” मिलिमीटर खालून म्हणाला. “नवीही आणि अंगावरचीही.”

हेडलाइट सापडला नाही. तेव्हा त्याने घरात झाडू मारायला बंदी घातली. चार दिवस घर झाडलं गेलं नाही. दोऱ्याचे तुकडे, कापडाच्या चिंध्या आणि धूळ यांचा असा थर बसला की आई खुर्चीवरून पाय खाली सोडेना. बायकोने इतकंच विचारलं, “हे युद्ध किती वर्षं चाललं होतं हो?”

पाचव्या दिवशी कचेरीत शिपायाने चहा ठेवता ठेवता म्हटलं, “साहेब, कोपराला काय चिकटलंय?” आणि सेवाभावाने टिचकी मारून ते उडवलं.

त्या दिवशी मोजणी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणाला जागचं हलू दिलं नाही. हेडलाइट शेवटी पेन्सिलीच्या भुशात मिळाला. मिलिमीटरने तो काडेपेटीत घालून, काडेपेटी खिशात आणि खिशावर हात ठेवून घरी आणला.

आणि खरंच, रणगाडा झाला. उतरत्या बाजूंचा, जाड चाकांचा, तोफेचा बुरूज गरागरा फिरणारा, पट्ट्यांवर वाळलेला चिखल असलेला रणगाडा टेबलावर उभा राहिला. मिलिमीटर त्याच्याकडे समोरून बघायचा, बाजूने बघायचा, खाली बसून डोळ्याच्या पातळीवरून बघायचा. त्याला आतून भरून यायचं. एकच गोष्ट बोचत होती. चौकटींना अजून काही तुकडे लटकत होते. सूचनांच्या कागदावर ते फिक्या करड्या रंगात छापलेले होते. छपाईत शाई कमी पडली असेल असं तो सुरुवातीला धरून चालला होता आणि शेवटच्या पानावर त्यांची सोय लागेल अशी त्याची खात्री होती. शेवटच्या पानावर दुसऱ्या रणगाड्यांची जाहिरात निघाली.

मशीन आली त्याच दिवशी निकालाचा कार्यक्रम झाला. दोन हमालांनी ती तात्पुरती हॉलच्या मधोमध ठेवली. तिला वळसा घालून आई आणि बायको मागच्या खोलीत आल्या. बायकोने रणगाडा पाहिला. बोटाने हळूच चाक फिरवून पाहिलं.

“तुम्ही केलात?” ती म्हणाली. तिने रोज डोकावून पाहिलेलं असूनही म्हणाली.

“छान झालाय रे,” आई म्हणाली. “आता डबा आण.”

आईने डबा टेबलावर उपडा केला. एक लांब तोफ, चार चाकं, दोन झाकणं, एक वेगळ्या घडणीचा हेडलाइट, डिझेलची पिंपं आणि कसले कसले हुक, असा ढीग पडला.

“आई, हे लावायचेच नसतात. कारखाने दर वर्षी रणगाड्यात बदल करायचे. एकाच डब्यात दोन-तीन वर्षांचे भाग देतात. मी आखूड तोफेचा केलाय, ही लांब तोफ पुढच्या वर्षीची.”

“पण डब्यात उरलेत ना?”

त्याने दुकानदाराला फोन लावला आणि फोन आईच्या कानाशी धरला.

“हो आजी, भाग उरतातच,” दुकानदार म्हणाला. “सगळ्यांचे उरतात.”

“पण लावायचे म्हटले तर चिकटतील का?”

“चिकटायला काय, चिकटतील. पण आजी, कोणी असं...”

“मग झालं,” म्हणून आईने फोन परत दिला.

मिलिमीटर मटकन खुर्चीवर बसला. त्याचा चेहरा पाहून बायकोचा जीव गलबलला. इतक्या वर्षांत तिने त्याला असा बसलेला पाहिला नव्हता.

“राहू द्या,” ती म्हणाली. “खोली तुमची. मशीन राहील हॉलमध्ये. तुम्ही पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलंत, मला पोचलं ते. त्या तुकड्यांचं मनावर घेऊ नका.”

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे बायकोचे आभार मानले असते आणि ढीग केरात टाकला असता. पण व्याख्या कोणाची होती? मिलिमीटरची. हद्द आखणाऱ्यानेच ती सोयीप्रमाणे सरकवली, तर उद्या कचेरीत कुठल्या तोंडाने बसायचं?

“नाही,” तो उभा राहून म्हणाला. “ठरलं म्हणजे ठरलं. मला दयेची खोली नको.”

“अहो, वेडेपणा करू नका. एवढा सुंदर झालाय.”

“गम दे.”

त्याने लांब तोफ आखूड तोफेच्या शेजारी चिकटवली. तीही अगदी समांतर, पट्टी लावून. चार चाकं बुरुजावर आडवी बसली. झाकणांवर झाकणं आली. दुसरा हेडलाइट मागे लागला. शेवटच्या हुकासाठी कुठेच जागा उरली नाही, तेव्हा तो पिंपावर लावला. आईने रिकाम्या डब्यात हात फिरवून पाहिला आणि निकाल दिला, “खोली याची.”

अशी ती खोली मिलिमीटरने जिंकली. पहिले काही दिवस तो संध्याकाळी आत जाऊन बसायचा. पण रणगाड्याकडे नजर गेली की खुर्ची खिडकीकडे फिरवायचा. शेवटी त्याने तो उचलून बाहेर हॉलमध्ये, बायकोच्या मशीनच्या बाजूच्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

आठवडाभराने रणगाड्याचं तोंड फिरलेलं दिसलं. मिलिमीटरने जवळ जाऊन पाहिलं. बायकोने दोन्ही तोफा थोड्या वर उचलल्या होत्या आणि त्यांच्यात दोऱ्यांची रिळं ओवली होती. आखूड तोफेवर पांढरी, लांब तोफेवर रंगीत. बुरूज फिरत असल्यामुळे दोरा कसाही ओढला तरी गुंतत नव्हता. बुरुजावरच्या आडव्या चाकांत टाचण्या ठेवल्या होत्या आणि हुकाला कात्री लटकत होती.

“काय सोय झालीय म्हणून सांगू!” ती म्हणाली. ती मनापासून म्हणत होती, त्यामुळे त्याला रागावताही येईना.

पुढे एकदा तो आपल्या खोलीत रिकाम्या टेबलाशी बसला असताना हॉलमधून आवाज आला. पडदे शिवायला टाकणाऱ्या बाई आल्या होत्या आणि रिळांच्या त्या वस्तूवरून त्यांची नजर हलत नव्हती.

“किती छान कल्पना! कुठून आणलंत?”

“यांनी केलंय घरीच,” बायको कौतुकाने म्हणाली.

हे ऐकून मिलिमीटर उठला आणि बाहेर आला. गैरसमज राहू देणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

“ती रिळांची वस्तू नाही,” त्याने बाईंना सांगितलं. “हा सोव्हिएत रणगाडा आहे. तंतोतंत प्रमाणात. एकास पस्तीस.”

“म्हणजे हो काय?”

“म्हणजे याच्यावरची प्रत्येक वस्तू खऱ्या रणगाड्यावर बरोब्बर पस्तीसपट मोठी असते.”

“अगंबाई!” बाई डोळे विस्फारून म्हणाल्या. “मग खऱ्यावर केवढाली रिळं बसत असतील!”

मिलिमीटरने तोंड उघडलं. मनातल्या मनात त्याने रिळाचा व्यास घेतला, पस्तीसने गुणला, पुन्हा एकदा गुणून पाहिला, आणि तोंड मिटलं. हिशेबात कुठेच चूक नव्हती.